परक्या पियानोवर आपलं संगीत: मैफिलीचा पियानोवादक होऊ पाहणाऱ्यांसाठी

व्हायोलिनवादक आपली पेटी खांद्याला अडकवून गावोगाव हिंडतो. बासरी पिशवीत मावते. गायकाचा तर गळाच त्याच्याबरोबर असतो. पियानोवादक मात्र सभागृहात मोकळ्या हातांनी येतो आणि तिथे जो पियानो उभा असेल त्यावर वाजवतो. मोठ्या सभागृहातला कॉन्सर्ट ग्रँड सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि जवळजवळ अर्धा टन वजनाचा असतो, तो कोण कुठे नेणार? व्लादिमिर होरोविट्झ आपला पियानो दौऱ्यावर नेत, क्रिस्तियान झिमरमनही नेतात. पण हे अपवाद. बाकी सगळ्यांना संध्याकाळी साडेसातला एका अनोळखी वाद्याशी सूर जुळवावा लागतो.

या वाटेवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात. वाद्य बरोबर नेता येत नाही, म्हणून बरोबर काय न्यायचं ते वर्षानुवर्षं जमवावं लागतं: कान, हात, डोक्यात पक्क्या बसलेल्या रचना आणि घाबरलेल्या अवस्थेतही चालणारी सवय.

पहिली पायरी: वाद्य आतून ओळखा

पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. आत सुमारे २३० तारा ताणलेल्या असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास जातो, म्हणून तर आत ओतीव लोखंडाची चौकट लागते. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात छोटी हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते आणि बोटाच्या वेगावर आवाज लहान-मोठा होतो. १८२१ मध्ये सेबास्तियां एरार याने यंत्रणेत अशी सुधारणा केली, की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. एकाच स्वराची जी वेगवान पुनरावृत्ती आज आपण सहज ऐकतो, ती या सुधारणेमुळे.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. हातोडी तारेवर आपटली की बोटाचं काम संपलं. त्यानंतर पट्टीवर कितीही जोर द्या, हात थरथरवा, त्या स्वराचं काहीही होत नाही. तो फक्त विरत जातो. मग पियानोवर गाता कसं येतं? कानामुळे. हे आजच करून बघा: मधला सा, म्हणजे कीबोर्डच्या मध्याजवळचा सी, मध्यम आवाजात दाबून धरा आणि तो विरताना ऐका. तीन-चार सेकंदांनी, तो जेवढा उरला असेल बरोबर तेवढ्याच आवाजात शेजारचा डी वाजवा. मोठा वाजवलात तर दोन सुटे स्वर ऐकू येतील. अचूक जमला, तर पहिला स्वर दुसऱ्यात सरकल्यासारखा वाटेल. माझ्याकडे येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा यातच जातो. काहींना ते कंटाळवाणं वाटतं. ज्यांना त्याचं वेड लागतं, ते पुढे टिकतात असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीला डिजिटल पियानो चालेल, पण त्याला ८८ वजनदार पट्ट्या आणि जोडता येणारं पेडल हवं. वर्ष-दोन वर्षांत मात्र खऱ्या तारांच्या पियानोवर रोज बसायची सोय करा. विकत घेणं जमत नसेल तर एखादी शाळा, प्रार्थनास्थळ, संगीतवर्ग, कुठेही वेळ ठरवून घ्या. अपराइट (उभ्या तारांचा) आणि ग्रँड (आडव्या तारांचा) यांच्यातला फरकही हातांना कळायला हवा: ग्रँडमध्ये हातोडी खालून वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली येते, अपराइटमध्ये ती आडवी जाते आणि तिला मागे यायला स्प्रिंगची मदत लागते. डाव्या पेडलचंही तसंच. ग्रँडमध्ये ते दाबलं की सगळी यंत्रणा किंचित बाजूला सरकते आणि तीन तारांऐवजी दोनच तारांवर हातोडी पडते, म्हणजे स्वराचा रंगच बदलतो. अपराइटमध्ये फक्त आवाज थोडा कमी होतो.

गुरू निवडणं

मैफिलीचे बहुतेक पियानोवादक पाच ते सात या वयात सुरुवात करतात. विशीत पहिल्यांदा पट्टीला हात लावून आंतरराष्ट्रीय रंगमंचावर एकल वादक झाल्याचं उदाहरण मिळणं फार कठीण आहे, आणि हे मी नव्या माणसापासून लपवत नाही. तरी वाटा अनेक आहेत. स्व्यातोस्लाव रिख्टर बऱ्याच अंशी स्वतःच शिकले आणि २२ व्या वर्षी मॉस्कोला हाइनरिख नॉयहाउस यांच्याकडे गेले. आल्फ्रेड ब्रेंडेल यांना सोळाव्या वर्षानंतर नियमित गुरू नव्हता. रख्मानिनोव यांनी मैफिलीचं वादन हा मुख्य व्यवसाय केला तो रशिया सोडल्यावर, पंचेचाळिशीत. हे तिघेही लहानपणापासून संगीतात बुडालेले होते, हेही त्याच दमात सांगायला हवं.

गुरूकडे जाण्याआधी त्यांची एक शिकवणी बसून बघा. ते किती वाजवून दाखवतात यापेक्षा किती ऐकतात याकडे लक्ष द्या. त्यांचे चार विद्यार्थी ऐका. चौघंही एकाच छापाचे वाजवत असतील, तर तिथे तुमचा स्वतःचा कान वाढणार नाही. माझ्या पहिल्या गुरूंकडे हाताच्या पाठीवर नाणं ठेवून, बोटं उंच उचलून वाजवायची शिस्त होती. नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांत माझं मनगट इतकं आखडलं, की अष्टकं, म्हणजे एकाच नावाचे खालचा आणि वरचा असे दोन स्वर एका हाताने एकदम, वाजवताना कोपरापर्यंत कळ जायची. ते सुटायला पुढे तीन वर्षं लागली. म्हणून सांगतो, शिकवणीनंतर हात दुखत असेल तर ते गुरूंना स्पष्ट सांगा, आणि ते ऐकणार नसतील तर नमस्कार करून दुसरीकडे जा.

पुढे संगीत महाविद्यालय. पॅरिसचं कॉन्झर्व्हेटॉयर १७९५ चं, मॉस्कोचं १८६६ चं, न्यूयॉर्कच्या जुलियर्डची सुरुवात १९०५ ची. फिलाडेल्फियाचं कर्टिस १९२४ मध्ये सुरू झालं आणि तिथे विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाहीत, पण जागा अगदी मोजक्या. प्रवेश वादनचाचणीवर ठरतो. साधारणपणे बाखचं एक प्रिल्यूड (छोटी प्रास्ताविक रचना) आणि फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत फिरत येते अशी रचना), हायडन, मोझार्ट किंवा बीथोव्हनचा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), शोपाँ किंवा लिस्ट यांचे एक-दोन एट्यूड (तंत्र घासण्यासाठीच्या रचना) आणि एखादी मोठी रोमँटिक रचना, हे सगळं तोंडपाठ लागतं. तयारीला किमान दीड वर्ष धरा. आणि महाविद्यालय निवडताना इमारतीच्या नावापेक्षा तिथे तुम्हाला प्रत्यक्ष कोण शिकवणार आहे ते आधी विचारा.

रियाज: किती आणि कसा

आठ-दहा तास बसण्याच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. शोपाँ आपल्या शिष्यांना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वाजवू नका असं सांगत. माझ्या मते वाढत्या वयात तीन ते चार तास, तेही तुकड्यांत, पुरेसे आहेत. मैफल तोंडावर आली की पाच होतात. त्यापुढे बोटं चालत राहतात पण कान झोपतो, आणि झोपलेल्या कानाने केलेला रियाज चुका पक्क्या करतो.

बसण्याआधी वहीत एक ओळ लिहा: आज नेमकं काय सुटायला हवं. "सोनाटा वाजवायचा" हे लिहून उपयोग नाही. "दुसऱ्या पानावरचे चार बार, डाव्या हाताची उडी" असं लिहा. मग त्या चार बारांवर (बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक छोटा तुकडा) वीस मिनिटं द्या. एकेक हात वेगळा. बोटांचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवा आणि एकदा ठरले की रोज तेच. वेग इतका कमी, की पुढचा स्वर वाजण्याआधी तो मनात ऐकू यावा. सलग पाचदा बिनचूक आलं की मेट्रोनोम (ठोके देऊन वेग दाखवणारं यंत्र) एक घर पुढे. चूक झाली की ती पुसून पुढे धावू नका. थांबा आणि विचारा: बोट चुकलं, उडीचं अंतर चुकलं, की पुढे काय आहे तेच डोक्यात नव्हतं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

एक रचना जवळून बघू. बाखच्या ४८ प्रिल्यूड-फ्यूगांच्या संचातलं अगदी पहिलं प्रिल्यूड, सी मेजरमधलं, बहुतेकांना माहीत असतं. फक्त ३५ बार. जवळजवळ प्रत्येक बारमध्ये एकच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ) सुटा सुटा करून दोनदा वाजतो. विद्यार्थी हे एका आठवड्यात बोटांनी पाठ करतात आणि पंधराव्या बारवर अडखळले की पहिल्यापासून सुरू करतात, कारण मधून सुरू करताच येत नाही. आता असं करा: प्रत्येक बारमधले सगळे स्वर एकत्र दाबा, एका बारला एक कॉर्ड. पस्तीस कॉर्ड, बस. सर्वांत खालच्या स्वराचं नाव तोंडाने म्हणत चला. कुठे तणाव वाढतो आणि कुठे सुटतो ते ऐका. शेवटाकडे डावा हात बराच वेळ एकाच स्वरावर रोवलेला असतो आणि वर मात्र कॉर्ड बदलत राहतात, ते जाणवतंय का बघा. तीन दिवस हे केलं की रचनेचा सांगाडा डोक्यात उभा राहतो. बोटं विसरली तरी तो सांगाडा धरून पुढे जाता येतं.

वाद्याशिवायचा रियाजही शिका. १९०९ मध्ये रख्मानिनोव आपला नवा तिसरा कॉन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) घेऊन अमेरिकेला निघाले, तेव्हा जहाजात त्यांनी आवाज न करणाऱ्या मुक्या कीबोर्डवर सराव केला. तुम्हाला तेही नको. डोळे मिटा, रचना सुरुवातीपासून मनात वाजवा, बोटं कुठल्या पट्टीवर आहेत ते बघत. जिथे चित्र धूसर होतं, तिथेच रंगमंचावर पाय घसरणार आहे. दौऱ्यावर, विमानतळावर, हॉटेलच्या खोलीत हाच रियाज हाताशी असतो.

पाठांतर, आणि ते सुटतं तेव्हा

एकल वादकाने स्वरलिपी समोर न ठेवता वाजवायचं, ही प्रथा एकोणिसाव्या शतकातली. क्लारा शूमान आणि फ्रान्झ लिस्ट यांनी ती रुजवली. त्याआधी पाठ वाजवणं अनेकांना उद्धटपणाचं वाटे. एका वादकाने अख्खा कार्यक्रम एकट्याने करायचा, हेही लिस्ट यांनीच रूढ केलं; १८४० मध्ये लंडनमध्ये त्यांच्या कार्यक्रमासाठी 'रिसायटल' हा शब्द वापरला गेला. रिख्टर मात्र उतारवयात अंधाऱ्या सभागृहात एक छोटा दिवा लावून, समोर स्वरलिपी ठेवून वाजवत. तेव्हा पाठांतर म्हणजे पावित्र्याची कसोटी नाही. पण परीक्षा आणि स्पर्धा ते मागतात, म्हणून पक्कं करावं लागतं.

पाठांतर चार प्रकारचं असतं: बोटांचं, कानाचं, डोळ्यांचं आणि समजेचं. बोटांचं सर्वांत लवकर येतं आणि भीतीत सर्वांत आधी जातं. मी एकदा बाखचा फ्यूग वाजवत होतो. त्यात मुख्य सुरावट पुन्हा पुन्हा येते, कधी या स्वरावरून तर कधी त्या. तिसऱ्या वेळी मी चुकून पहिल्या वेळच्या वळणावर गेलो, आणि लक्षात आलं की आपण पुन्हा सुरुवातीपाशी आलो आहोत. त्या गोल फेऱ्यातून बाहेर पडायला मला दोन खेपा लागल्या. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान वर केली, ते अजून दिसतं. त्यानंतर मी प्रत्येक रचनेत आठ-दहा थांबे ठरवू लागलो. स्वरलिपीवर अ, आ, इ, ई अशी अक्षरं घालायची. रोज कोणी तरी, नाही तर चिठ्ठी उचलून, एक अक्षर सांगायचं आणि तिथून लगेच सुरू करायचं. उलट्या क्रमानेही. रंगमंचावर घसरलं तर मागे जायचं नाही, पुढच्या थांब्यावर उडी मारायची. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना कळतही नाही.

हे इतकं का सांगतोय, तर पियानोवादक मारिया जोआओ पिरेस यांचा प्रसंग. अॅमस्टरडॅममध्ये श्रोत्यांसमोर दुपारची खुली तालीम होती, कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचे संचालक, होते रिकार्दो शायी. ऑर्केस्ट्राने सुरुवात केली आणि पिरेस यांच्या लक्षात आलं, की आपण मोझार्टचा भलताच कॉन्चेर्टो तयार करून आलो आहोत. वाजत होता तो डी मायनरमधला विसावा. त्याच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्राचा दोन मिनिटांहून मोठा भाग आहे, तेवढाच वेळ हातात. चेहऱ्यावर धास्ती, कंडक्टरशी दोन वाक्यं, तुम्हाला हा येतो असा त्यांचा धीर, आणि मग पिरेस यांनी संपूर्ण कॉन्चेर्टो आठवणीतून वाजवला. त्या दृश्याची चित्रफीत आहे, जरूर बघा. वर्षांपूर्वी समजून-उमजून केलेलं पाठांतर असं उभं राहतं.

संग्रह बांधा

आपल्या डोक्यात तयार असलेल्या रचनांना मी शिदोरी म्हणतो. व्यवसायात उतरताना किमान दोन पूर्ण रिसायटल, प्रत्येकी सत्तर-ऐंशी मिनिटांचं संगीत, चार-पाच कॉन्चेर्टो आणि व्हायोलिन-चेलोबरोबरच्या काही रचना हाताशी हव्यात. निवडायला समुद्र आहे: बीथोव्हनचे ३२ सोनाटा, शोपाँच्या दोन संचांतले २४ एट्यूड, मोझार्टचे कॉन्चेर्टो. नवे वादक अवघड दिसणाऱ्या रचनांमागे धावतात. माझा आग्रह उलटा आहे. मोझार्टमध्ये लपायला जागा नाही. तिथे एक स्वर जाड झाला तरी ऐकू येतो. ज्याचा मोझार्ट स्वच्छ आहे, त्याला लोक पुन्हा बोलावतात. हयात संगीतकारांची एक तरी रचना प्रत्येक कार्यक्रमात ठेवा. वाद्यासाठी आज कोण काय लिहितंय हे ठाऊक नसलेला वादक मला अपुरा वाटतो.

हात लहान असेल तर खचू नका. प्रचलित कीबोर्डवर एक अष्टक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं असतं. अलिसिया द लारोचा यांची उंची पाच फुटांहून कमी होती आणि त्यांनी मोठमोठे कॉन्चेर्टो जगभर वाजवले. योसेफ हॉफमन यांनी तर स्वतःसाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून घेतले होते. न पोहोचणारा कॉर्ड खालून वर पटकन मोडून वाजवता येतो किंवा एखादा स्वर दुसऱ्या हाताला देता येतो. त्यात कमीपणा नाही.

शरीर

रॉबर्ट शूमान यांच्या उजव्या हाताचं बोट तरुणपणीच अधू झालं आणि वादक व्हायचं राहिलं. लिऑन फ्लायशर १९६४ च्या सुमारास, छत्तिशीत, कीर्तीच्या शिखरावर होते, तेव्हा उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळू लागली. त्या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. त्यांनी डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, ऑर्केस्ट्रा चालवला, शिकवलं, आणि सुमारे तीस वर्षांनी उपचारांनंतर दोन्ही हातांनी वाजवायला परतले. डाव्या हातासाठी इतकं चांगलं संगीत आहे, याचं मोठं श्रेय पाउल विट्गेनश्टाइन यांना. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला आणि नंतर राव्हेलसारख्या संगीतकारांकडून रचना लिहवून घेतल्या.

दुखणं सहन करणं हा रियाजाचा भाग नाही. पंचवीस-तीस मिनिटांनी उठा. स्टूलची उंची अशी ठेवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. ग्लेन गूल्ड फारच खाली बसत, पण त्यांची नक्कल करू नका. मुंग्या, बधिरपणा, बोट आपोआप वळणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी थांबा आणि वादकांचे हात तपासणाऱ्या डॉक्टरांना गाठा.

स्पर्धा

वॉर्साची शोपाँ स्पर्धा १९२७ पासून, साधारण दर पाच वर्षांनी. वय १६ ते ३०. मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात तिथे २३ वर्षांचे अमेरिकन व्हॅन क्लायबर्न जिंकले. त्यांच्या नावाच्या टेक्सासमधल्या स्पर्धेत २०२२ मध्ये १८ वर्षांचे युनचान लिम पहिले आले. ही दारं मोठी आहेत. पण १९८० ची वॉर्सा आठवा: इवो पोगोरेलिच अंतिम फेरीपर्यंत पोहोचले नाहीत, त्याचा निषेध म्हणून मार्ता आर्हेरिच परीक्षक मंडळातून बाहेर पडल्या. जिंकले दांग थाई सॉन. पुढे दोघांचीही कारकीर्द झाली. आणि येव्गेनी किसिन यांनी कुठलीही मोठी स्पर्धा न जिंकता नाव कमावलं; १९८४ मध्ये, बाराव्या वर्षी, मॉस्कोत त्यांनी शोपाँचे दोन्ही कॉन्चेर्टो एकाच कार्यक्रमात वाजवले होते.

वर्षाला एक किंवा दोन स्पर्धा, त्यापेक्षा जास्त नाही. ज्यांचा अभ्यासक्रम तुमच्या शिदोरीत भर घालतो त्याच निवडा. बक्षिसाच्या रकमेपेक्षा विजेत्याला किती मैफिली मिळतात ते नियमांत बघा. पहिल्या फेरीत बाहेर पडलात तर परत येऊ नका, थांबून बाकीच्यांना ऐका. माझं बरंचसं शिक्षण असं श्रोत्यांच्या खुर्चीत झालं.

पोट भरणं

फक्त मैफिलींवर जगणारे फार थोडे. बहुतेक वादक शिकवतात, गायकांना आणि व्हायोलिनवादकांना साथ करतात, चेंबर संगीत (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं) वाजवतात. साथसंगत दुय्यम समजू नका. दुसऱ्याचा श्वास ऐकायला तीच शिकवते.

मोठी सभागृहं आणि ऑर्केस्ट्रा दीड-दोन वर्षं आधी तारखा ठरवतात. एजंट साधारण १५ ते २० टक्के घेतो आणि चार मैफिली झाल्याशिवाय तो सहसा मिळत नाही, म्हणून सुरुवातीची पत्रं तुम्हालाच लिहावी लागतील. पत्र अर्ध्या पानाचं, सोबत न कापलेलं, एका दमात वाजवलेलं चित्रीकरण. करारात चार गोष्टी तपासा: प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कोणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर काय, ध्वनिमुद्रण झालं तर हक्क कोणाचे, आणि पियानो कुठला व तो कधी ट्यून होणार. चौथी गोष्ट लोक विसरतात आणि मग रडतात.

तयार कॉन्चेर्टो का हवेत ते इथे कळेल. जानेवारी १९६३ मध्ये ग्लेन गूल्ड आजारी पडले आणि कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १६ वर्षांच्या आंद्रे वॉट्स यांना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर लिस्टचा पहिला कॉन्चेर्टो वाजवायला उभं केलं. १९९९ मध्ये तेच वॉट्स येऊ शकले नाहीत, तेव्हा १७ वर्षांच्या लांग लांग यांनी शिकागो सिंफनीबरोबर त्यांच्या जागी चायकोव्हस्कीचा पहिला वाजवला. दोघांचंही आयुष्य त्या संध्याकाळींनी बदललं. फोन आला तेव्हा रचना बोटांत आणि डोक्यात तयार होती.

मैफिलीचा दिवस

सकाळी किंवा दुपारी सभागृहात एक तास मागून घ्या. आधी स्टूल. मग लगेच अवघड जागा वाजवू नका. अगदी हळू, सर्वांत खालच्या स्वरापासून वरपर्यंत एकेक पट्टी सर्वांत मऊ आवाजात दाबा. कुठली पट्टी गप्प राहते, कुठली जास्त चमकते, कीबोर्डच्या वरच्या टोकाला आवाज टणक होतो का, ते वहीत टिपा. एकच स्वर वेगाने पुन्हा पुन्हा वाजवून यंत्रणा किती तत्पर आहे ते बघा. उजवं पेडल किती दाबल्यावर तारा मोकळ्या होतात हे पावलाला शिकवा. प्रत्येक पियानोत ती जागा निराळी असते, आणि पहिल्या पाच मिनिटांत सर्वांत जास्त फसवणारी तीच. मग ट्यूनरला साध्या शब्दांत सांगा: "हा वरचा जी टोचतोय", "मधला भाग दबलेला वाटतो". ट्यूनर तुमचा त्या दिवसाचा सर्वांत जवळचा सहकारी आहे. त्याचं नाव विचारा आणि कार्यक्रमानंतर त्याचे आभार माना.

कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून दोन पानं वाजवा. रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज माणसं भरली की कोरडा होतो, तेव्हा पेडल आता थोडं जास्त वाटलं तर घाबरू नका. ऑर्केस्ट्रा असेल तर बहुधा एक-दोनच तालमी मिळतात. कंडक्टरशी आधी वेग, मधले विराम आणि कडेंझाच्या (ऑर्केस्ट्रा थांबून वादक एकटाच वाजवतो त्या भागाच्या) शेवटी ऑर्केस्ट्रा कुठे येणार हे बोलून घ्या.

भीती वाटणारच. होरोविट्झ १९५३ पासून बारा वर्षं रंगमंचावर आले नाहीत. गूल्ड यांनी १९६४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, मैफिली कायमच्या सोडून ध्वनिमुद्रण धरलं. ज्यांना रंगमंच नको वाटतो त्यांच्यासाठी तीही सन्मानाची वाट आहे. राहायचं ठरवलंत, तर प्रत्येक नवा कार्यक्रम मोठ्या सभागृहाआधी तीन-चार छोट्या जागी वाजवा: मित्राच्या घरी, शाळेत, वृद्धाश्रमात. हात गार पडतात, हातमोजे जवळ ठेवा. बसल्यावर लगेच सुरू करू नका. पहिल्या दोन बारांचा वेग मनात ऐकू येईपर्यंत हात मांडीवर असू द्या. श्रोते थांबतात.

रात्री मुक्कामी परतल्यावर वहीत तीनच ओळी लिहा: पियानो कसा होता, सभागृह कसं बोलत होतं, कुठला थांबा हलला. टाळ्यांबद्दल काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या गावाला निघण्याआधी, तो हललेला थांबा आणि त्याच्या पुढचे आठ बार, एकेक हात वेगळा, अर्ध्या वेगात.